धर, ताण, जोड, ये

“आजी घरीपण अशाच रागावलेल्या असतात का?” मेंदूच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि विचारलं ते माझ्या मुलाला. मी त्या दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले होते. प्रश्न माझ्या डोक्यावरून गेला, उत्तरही तसंच गेलं. मुलगा म्हणाला, “जन्मापासून, डॉक्टर. माझ्या जन्मापासून तरी नक्की.” डॉक्टर हसले, मुलगा हसला, दाराशी उभी नर्स हसली. मीही हसले. पोराला बोलायची अक्कल माझ्याकडूनच आली आहे, त्यामुळे त्याच्या असल्या बोलण्याचा मला राग येत नाही, उलट जरा बरंच वाटतं. हसले ते मला आतून नीट कळलं. पोटात उकळी आली, गळ्यापर्यंत चढली. आणि तेवढ्यात हात धुवायच्या बेसिनवरच्या आरशात मला एक बाई दिसली. तिघं हसत होते आणि ती त्यांच्यामध्ये बसून अशी बघत होती, जणू त्यांनी तिचं घर लुटलंय. तोंड मिटलेलं, गाल उतरलेले, पापणी लवायला तयार नाही. मनात म्हटलं, कोण ही सटवी, हिला आत कुणी घेतलं? मग तिच्या गळ्याशी माझ्या कोटाचं बटण दिसलं.

डॉक्टर मुलालाच सांगत होते, “चेहऱ्यावर आलंय आता. पार्किन्सनमध्ये होतं असं. स्नायू ताठरतात, भाव उमटत नाहीत. आतून माणूस ठीक असतं.” आतून माणूस ठीक असतं. हे वाक्य मी कोटाच्या खिशात घालून घरी आणलं म्हणा ना. परतीच्या वाटेवर गाडीच्या काचेत बघितलं, लिफ्टच्या पत्र्यात बघितलं, चमच्याच्या पाठीत बघितलं. सगळीकडे तीच. मी हसून बघितलं, तिनं ऐकलं नाही. रडवेलं तोंड करून बघितलं, तिनं ढुंकून बघितलं नाही. आयुष्यभर माझं ज्यानं ऐकलं नाही असं माणूस मी घरात ठेवलं नव्हतं. आता हे एक ऐन तोंडावर येऊन बसलं.

आमची लॉन्ड्री आहे. खाली धुलाई, वर घर. हॉटेलांच्या चादरी, टेबलावरची कापडं, इस्पितळांतले डगले, सगळं येतं. आमचे हे गेले तेव्हा मशीन एकच होतं आणि पोरगा माझ्या कमरेएवढा होता. लोक म्हणाले, बाईमाणूस आहे, शाळेची पायरी नीट चढलेली नाही, विकून टाक. मी विकलं नाही, वाढवलं. कशाच्या जोरावर? या तोंडाच्या. तोंड म्हणजे जीभ, आणि जीभ दमली की चेहरा. माझ्या नुसत्या भुवईवर कामगार पोरी चादर परत पाण्यात टाकायच्या. वाफेच्या आवाजात हाक मारून घसा फोडायची गरज नव्हती, काउंटरवरून मान वळवली की मागे कपडे पिळतात त्या पिळणीपर्यंत निरोप पोचायचा. घरातही तेच. सकाळी मी जिन्यावरून उतरले की सून माझ्या तोंडाकडे बघायची आणि दिवस कसा जाणार ते ओळखायची. नात, म्हणजे आमची टाचणी, ती तर पायरीवर बसून ओरडायचीच, “आजी आज ढगाळ!” किंवा, “आजी आज ऊन!” मला ते आवडायचं. घरात एक माणूस असं पाहिजेच, ज्याच्याकडे बघून बाकीच्यांनी छत्री घ्यायची की नाही ते ठरवावं.

आणि मग कधीतरी टाचणी ओरडायची थांबली. कधी, ते सांगता येत नाही. दुधावर साय धरते तेव्हा कुठल्या क्षणी धरली हे कुणाला सांगता येतं? सुनेनं ताट ठेवताना आवाज करणं सोडलं. दार लावताना ती कडी दोन बोटांनी धरून टेकवायची, चोरासारखी. मुलगा माझ्याशी हिशेबापुरतं बोलायचा. मी मनात म्हणायची, बघा, म्हातारी झाले तरी धाक आहे. पण रात्रीच्या जेवणाला बसलं की कुणीच बोलायचं नाही आणि मला घास गिळवायचा नाही. कुणी मेलंय का या घरात? मीच विचारलं एकदा. सून खाली बघून म्हणाली, “नाही आई. तुम्ही रागावलाय ना, म्हणून.” “मी? कशावर?” “ते तुम्हालाच ठाऊक.” मी खरोखर रागावले मग. म्हणजे तिचं बरोबर ठरलं.

आता कळतंय. महिनोन् महिने मी आत हसत होते, कौतुक करत होते, टाचणीच्या चित्रावर जीव ओवाळून टाकत होते, आणि बाहेर ती सटवी बसून सगळ्यांना हाकलत होती. दुसऱ्या कुठल्या घरात हे चाललं नसतं. मऊ स्वभावाच्या बाईचा चेहरा असा बसला असता, तर चार दिवसांत घरच्यांनी दवाखान्यात नेलं असतं, आमची आई अशी नाही म्हणून. माझ्या चेहऱ्याची कीर्तीच अशी, की आजार तिच्या आडून आरामात घरात शिरला आणि पाय पसरून बसला.

शिरला तोही आजचा नाही. आधी नाक गेलं. साबणाला वास येईना, म्हणून मी साबणवाल्याला काउंटरवरून असा झापला की तो बिचारा स्वतःच पुडा फोडून हुंगत बसला. “बाई, येतोय हो वास!” “तुझ्या नाकाला येत असेल, माल तुझाय.” मग उजवा खांदा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी शेक सांगितला. दुसऱ्याकडे गेले, म्हटलं, हात चालताना हलत नाही, टांगलेल्या बाहीसारखा लोंबतो, बोटं आपली आपण काहीतरी वळतात. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “वय झालं. बायकांचं या वयात होतं असं. टेन्शन आहे का काही? घरात सून आहे?” सून आहे म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली, निदान झालं. झोपेची गोळी दिली. आमच्या शेजारी किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे. त्याचं बोट हललं, तर त्याच डॉक्टरांनी त्याला त्याच आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे धाडलं. पुरुषाचं बोट हललं की मेंदूत बिघाड, बाईचं हललं की सुनेत. आता किल्लीवाला आणि मी एकाच डॉक्टरांच्या जिन्यावरून उतरतो, एकाच गोळीवर चालतो. फक्त त्याच्या आजाराचं नाव लवकर ठरलं आणि माझं ठरेपर्यंत खांदा लाकडाचा झाला.

चादर एकट्यानं घडी होत नाही. ही गोष्ट लोकांना माहीत नसते, कारण लोक घरी चादरीचा बोळा करतात. हॉटेलची चादर दोघांनी धरायची. समोरासमोर उभं राहायचं, दोन्ही टोकं दोन्ही हातांत. एकानं हाक द्यायची. धर. ताण. जोड. ये. ताणलं की सळ जातात, जोडलं की कडेला कड बसते, आणि ‘ये’ म्हटलं की समोरच्यानं चालत येऊन आपली टोकं हाक देणाऱ्याच्या हातात द्यायची. हाक देणारा जागचा हलत नाही. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला हे शिकवलं मी. तिचे वडील कुठल्याशा कचेरीत, तिला वाटायचं चादर म्हणजे झोपायची वस्तू. पहिल्या दिवशी ‘ताण’ म्हटलं तर तिच्या हातातून टोक सुटलं आणि मी मागच्या टोपलीत बसले. पोरी हसल्या. ती रडकुंडीला आली. मी टोपलीतूनच म्हटलं, “धर.” पुढे आमची अशी लय जमली की तोंडातून शब्द निघायच्या आधी तिचा पाय उचललेला असायचा. इतकी वर्षं मी हाक दिली, ती चालत आली. दिवसभर, ढिगामागून ढीग. भांडण झालेलं असलं तरी. तेव्हा तर जास्तच, कारण तेवढे चारच शब्द त्या दिवशी आमच्यात व्हायचे.

आता माझ्या हातात टोक राहत नाही. मी काउंटरवर बसते. मागून हाक ऐकू येते, सून देते, कुठली तरी पोरगी चालत येते. ऐकताना माझे पाय स्टुलाखाली आपोआप हलतात. गंमत अशी, की हेच पाय दारात अडतात. खोलीतून चालत येते चांगली, आणि उंबऱ्याशी, किंवा फरशीचा रंग बदलतो तिथं, तळवे जमिनीला चिकटतात. गोंद लावल्यासारखे. वरचं धड पुढे जातं, पाय ऐकत नाहीत. कुणी ओढलं तर आणखी घट्ट. मुलगा ओढतोच. त्याला थांबणं माहीत नाही, त्याच्या बापाला पण नव्हतं.

त्या आरशाच्या दिवशी मी रात्रीच्या जेवणाला सगळ्यांना सांगितलं, “मी रागावलेली नाही. चेहरा बिघडलाय, मशीन बिघडतं तसा. आत चालू आहे.” टाचणीनं तोंड अगदी माझ्या तोंडाजवळ आणून बघितलं. “मग तू आत्ता काय करतेयस आत?” “हसतेय.” “खरं?” “तुझ्या नाकाला भात लागलाय.” तिनं ठरवलं, आजी हसली की तोंडानं सांगायचं. बोटानं टेबल वाजवायचं असं ती आधी म्हणाली होती, पण सून म्हणाली, “अगं, आजींचा हात तर दिवसभर हसतोय.” आणि लगेच तिनं जीभ चावली. मी म्हटलं, “हसले.” मोठ्यानं म्हटलं. सून माझ्याकडे बघत राहिली, मग ती इतकी हसली की तिला ठसका लागला. या बाईचं हसणं मी विसरलेच होते. ती मान मागे टाकून हसते, घोडीसारखी.

डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं, की इस्पितळाच्या एका हॉलमध्ये या आजाराच्या लोकांचं मंडळ भरतं, व्यायाम घेतात, न्या यांना. नेलं. सकाळची वेळ. आत शिरले तर पुढच्या ओळीत नुसते पुरुष, आणि प्रत्येकाच्या मागे त्याची बायको उभी. कुणाच्या हातात पाण्याची बाटली, कुणाकडे गोळ्यांची डबी, कुणी नवऱ्याची कॉलर नीट करतेय. मधोमध अध्यक्ष, निवृत्त मोठे साहेब, खांद्यावर शाल, चेहरा देवळातल्या दगडासारखा, कुणाकडे बघून हूं नाही की चूं नाही. त्यांची बायको दर थोड्या वेळानं त्यांच्या ओठांचा कोपरा रुमालानं टिपायची, इतक्या सवयीनं, जसं आपण काउंटर पुसतो. मी मनात म्हटलं, काय हा माज. बाई राबतेय आणि हा बघत पण नाही. आजारी बायका कुठे आहेत म्हणून मान फिरवली, तर भिंतीकडेला एक होती, हात कोटाच्या खिशात खोल. पूर्वी स्टेशनात तिकिटं द्यायची ती. मी तिला म्हटलं, “बायकांना होत नाही का हा रोग?” ती म्हणाली, “होतो. पण बायकांना इथं आणून सोडायला बायको नसते ना.” मला ही बाई तिथंच आवडली.

व्यायाम शिकवणारी मुलगी चांगली होती. म्हणाली, “आपापल्या जोडीदारासमोर उभे राहा.” पुरुषांसमोर बायका उभ्या राहिल्या. हात धरले, पाय उचलले. आम्हा दोघींकडे येऊन ती म्हणाली, “तुम्ही भिंतीसमोर करा.” मी भिंतीसमोर उभी राहिले. भिंतीला पिवळा रंग होता आणि मध्ये एक खिळा. मी खिळ्याकडे बघून हात वर केले. शेजारी तिकीटवाली पुटपुटली, “माझ्या नवऱ्यापेक्षा बरी. मध्ये बोलत नाही.” मी म्हटलं, “हसले.” तिला कळेना. मग सांगितल्यावर तीही म्हणाली, “मीपण.” दोघी भिंतीकडे दगडी तोंड करून हसत उभ्या होतो आणि त्या हॉलमध्ये कुणाला पत्ता नव्हता.

हळूहळू तिनं सांगितलं. गोळी जेवणाच्या आधी घ्यायची असते, पण जेवणाच्या आधी घरात कुणाला भूक लागलेली नसते असं होतं का? सगळ्यांना वाढून होईपर्यंत गोळीची वेळ गेलेली, अंग आखडलेलं. नवरा म्हणतो, तुझं काय थरथरतंय, मी थरथरतोय उपाशी. आणि आतल्या कपड्याचे पाठीमागचे हूक. ते लागत नाहीत. कुणाला सांगणार? मुलाला? ती ते घालायचंच सोडून कोट घालून फिरते, उन्हाळ्यातसुद्धा. लघवीचं सांगायचं तर पुढच्या ओळीतले साहेब ऐकतात. विचारलं होतं तिनं एकदा, तर डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याकडे बघून उत्तर दिलं. मी ऐकत होते आणि माझा हात मांडीवर उडत होता, पकडलेल्या पाखरासारखा. आजारानं उडत होता की रागानं, ते आता मलाही वेगळं करता येत नाही.

त्या दिवसापासून मला बसवेना. काउंटरवर बसले की येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातांकडे नजर. इतकी वर्षं मी हातांतले कपडे बघत होते, हात कधी बघितले नाहीत. एक आली, पिशवी डाव्या हातात, उजवा खिशात. मी म्हटलं, “काय लपवलंयस खिशात, नवरा?” ती गोंधळली. “हात दाखव.” “काही नाही हो, जरा नस आखडते.” “माझीपण आखडायची. हा बघ.” माझा हात काउंटरवर ठेवला, तो लागला टकटक करायला. तिचे डोळे भरले. दुसरीची लेक सोबत होती, ती म्हणाली, “आई आळशी झालीय हल्ली, शर्टाचं एक बटण लावायला दुपार करते.” मी त्या लेकीला जे बोलले ते इथं लिहीत नाही. मुलगा मागून म्हणाला, “आई, गिऱ्हाईक आहे ते.” मी म्हटलं, “गिऱ्हाईक जातं कुठे? डाग पडायचे थांबणार आहेत का जगात?” प्रत्येकीला तेच सांगितलं, मेंदूच्या डॉक्टरांकडे जा, आणि प्रश्न मला विचारा म्हणून सांग. मग हॉलला ये. प्रत्येकीनं तेच विचारलं, सकाळी? सकाळी कसं येणार? सकाळ कुठल्या घरात बाईची असते? दुपारचं विचारा, दुपारी तासभर आम्ही कुणाच्या नसतो. मी छातीवर हात मारून म्हटलं, दुपारचा तास मी आणते. दार बंद करून, बायकांचा बायकांसमोर. भिंत नको.

म्हणून बसले, आणि पडले तोंडघशी. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, आणि माझं कुंपण म्हणजे माझा आवाज. तो गेला. माझ्या कानाला मी ओरडतेय असं वाटतं आणि समोरचा म्हणतो, काय? मंडळाची सभा ठरली, इस्पितळाचे व्यवस्थापक येणार, हॉलच्या वेळा ठरणार. मुलगा म्हणाला, “मी बोलतो आई. तुझा आवाज पोचत नाही, आणि तोंड असं... लोकांना वाटेल भांडायला आलीय.” त्याचं चुकलं नव्हतं. म्हणून तर झोप उडाली. मी खिडकीशी उभी राहून बोलायचा सराव केला. काचेतल्या बाईनं ओठ हलवले, बाहेर वाफ आली, शब्द आला नाही. ज्या तोंडाच्या जोरावर घर उभं केलं, तेच ऐनवेळी माझ्याविरुद्ध साक्ष देणार. आणि मी नाही आणला तास, तर त्या सगळ्या पुन्हा हात खिशात घालणार. बाईला एकदा आशा दाखवून मागे घेतली की ती दुसऱ्यांदा हात दाखवत नाही. मी तरी दाखवला असता का?

सभेच्या दिवशी त्या आल्या. कुठल्या कुठल्या थापा मारून घरातून निघाल्या होत्या. हॉलबाहेरच्या लांब बोळात भिंतीला धरून उभ्या, एकमेकींना चोरून बघतायत, सगळ्यांची तोंडं मख्ख. दुरून वाटावं, मोर्चा आलाय, विटा घेऊन. सूनही आली होती दुकान पोरींवर टाकून. मी विचारलं नव्हतं, तिनं सांगितलं नव्हतं. आत सकाळच्या वेळा पक्क्या होत होत्या. व्यवस्थापकांनी पुकारलं, “बायकांच्या वेळेबद्दल कुणीतरी बोलणार होतं.” मी निघाले. हॉलच्या दारात पितळी पट्टी आहे, बोळाची काळी फरशी संपते आणि हॉलची पांढरी सुरू होते तिथं. मला आधीच माहीत होतं. चालताना मी तिच्याकडे बघणार नव्हते. बघितलंच. पाय बसले.

आत सगळे वळून बघतायत. मुलानं दंड धरला. “चल आई.” ओढलं. टाचा आणखी रुतल्या. “चल ना, सगळे थांबलेत.” मी म्हटलं, ओढू नकोस, ते त्याला ऐकू गेलं नाही. व्यवस्थापक माझ्या तोंडाकडे बघत होते, मी त्यांच्या डोळ्यांत त्या सटवीला बघत होते. ते म्हणाले, “आजी नाराज दिसतायत. यायचं नाहीये का त्यांना?” कुणीतरी म्हणालं, “राहू दे मग, रागातलं माणूस...” अध्यक्ष दगडासारखे बसलेले. मी ‘नाही’ म्हणतेय, जोरात म्हणतेय, आत माझा घसा फाटतोय. “बरं, पुढचा विषय घेऊ,” व्यवस्थापक म्हणाले. माझ्या पाठीमागे एका कोटाच्या खिशात हात गेल्याचा आवाज झाला. कापडाचा आवाज मला कळतो.

आणि माझ्या बाजूनं कुणीतरी आत घुसलं. सून. ती पट्टी ओलांडून पुढे गेली, वळली, माझ्यासमोर उभी राहिली, चादरीच्या अंतरावर. दोन्ही हात वर केले, मुठी मिटल्या. तिच्या मुठींत काही नव्हतं. मुलगा म्हणाला, “अगं, काय करतेस?” ती त्याला म्हणाली, “तुम्ही हात सोडा त्यांचा.” मग दुकानातल्या आवाजात, वाफेवरून मागच्या पिळणीपर्यंत पोचेल अशा आवाजात, “धर!” माझे हात वर आले. ते थरथरत होते, पण चादर वाऱ्यानंही थरथरते. “ताण!” मी मागे रेलले, वजन टाचांवरून सुटलं. “जोड!” हात हाताशी आले. “ये!” मला ‘ये’ म्हणाली. सासूला. भर सभेत. आणि मी गेले. डावा पाय, उजवा पाय, पट्टी कधी गेली कळलं नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा चालत गेले आणि माझी टोकं तिच्या हातात दिली. तिचे तळवे सोड्यानं खरखरीत झालेत. माझ्यासारखे.

व्यवस्थापक मुलाकडे वळले. “काय म्हणायचंय त्यांना?” मुलगा अजून दारातच होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, कपड्यावरचा डाग कशाचा आहे ते ओळखायला बघतात तसं. म्हणाला, “मला काय विचारता? समोर उभी आहे.”

मी बोलले. आवाज चिमणीएवढाच निघाला. तिकीटवालीनं जाऊन पंखा बंद केला. मी म्हटलं, मी रागावलेली नाही. हा चेहरा माझा नाही, आजाराचा आहे, माझं तोंड बघून माझं मन ठरवू नका. आम्हाला दुपारचा तास पाहिजे, दार लावून. आम्हाला हुकांबद्दल बोलायचंय, आणि जे तुमच्यासमोर बोलता येत नाही त्याबद्दल बोलायचंय. आमच्यासमोर भिंत उभी करू नका, आम्हाला एकमेकींसमोर उभं करा. आणि डॉक्टरांनी आधी आम्हाला विचारावं, मग सोबत आलेल्याला. व्यवस्थापक म्हणाले, “दुपारी हॉल झाडायला लागतो.” मी म्हटलं, “आम्ही झाडू. जन्मभर दुसरं काय केलं?” कुणीतरी फसकन हसलं. अध्यक्ष तसेच बसलेले. माझ्या कपाळात तिडीक गेली. मी सरळ त्यांच्यासमोर गेले. म्हटलं, “साहेब, तुम्ही मघापासून माझ्याकडे असे बघताय. तुमचं काय चाललंय? तुम्ही रागावलाय का?”

त्यांचे ओठ हलले. माझ्याहून बारीक आवाज. बायकोनं सवयीनं रुमाल पुढे केला, त्यांनी तो हातानं बाजूला सारला. म्हणाले, “हसतोय.”

“काय?”

“हसतोय. तुम्ही चादर धरली तेव्हापासून.”

रुमाल बायकोच्या हातात तसाच राहिला. ती म्हणाली, “हे हसतायत?” मग आमच्याकडे नाही, त्यांच्याकडे नाही, समोरच्या पिवळ्या भिंतीकडे बघून म्हणाली, “मला वाटायचं...” आणि तिनं रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मला एकदम माझ्या घरातली ती दोन बोटांनी टेकवलेली कडी आठवली. अध्यक्ष म्हणाले, “द्या त्यांना दुपारचा तास.” व्यवस्थापकांनी मान हलवली, “सुरू करून बघू” म्हणाले. बघू म्हणणाऱ्या माणसांना मी ओळखते. मागे लागावं लागेल. लागेन.

बाहेर पडताना सगळे पुढे गेले. मुलगा आणि सून बोळाच्या टोकाला पोचले होते, तो काहीतरी म्हणाला असणार, तिनं मान मागे टाकली. मी पितळी पट्टीशी आले. पाय बसले. तास मिळाला म्हणून पट्टी काय कुठे जात नाही. हाक मारावी तर तिथवर पोचणार नाही. बाजूला बघितलं, तिकीटवाली. तीही अडकलेली, दोन्ही हात कोटाच्या खिशात, नजर पट्टीवर. दोघी दारात, दोन खांब. मी माझे हात वर केले. मुठी मिटल्या.

“धर,” मी म्हटलं.

“काय धरू?”

“चादर. दिसत नाही का?”

तिनं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर काही नाही. मग खिशातून एक हात बाहेर आला, मागोमाग दुसरा.